उशिरा वाढणाऱ्यांची मोजदाद

शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागते. पाचवीत मधल्या जागी असलेला मुलगा आठवीत सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहिला, की घरात कुजबुज सुरू होते. त्याची उंची काही घटलेली नसते, मागचे त्याला ओलांडून गेलेले असतात. त्यांचे आवाज फुटले, ओठांवर मिसरूड आलं, आणि याने फोन उचलला तर पलीकडून अजून ‘ताई, आई आहे का घरात?’ असं विचारलं जातं. मग दुधात कसलीशी पावडर, गॅलरीच्या गजाला लोंबकळणं, शेजारच्या काकूंनी सुचवलेली अश्वगंधा आणि सगळं करून झाल्यावर डॉक्टर. डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगतात तेव्हा आईवडील चक्रावतात. तक्रार उंचीची, आणि फोटो हाताचा?

तो हाताचा फोटो कुठून आला, डॉक्टरांच्या टेबलावरचा वक्ररेषांचा तक्ता कोणी काढला आणि ‘उशीर झाला’ हे कोण ठरवू लागलं, याला मोठा इतिहास आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर तो मुलग्यांपासून सुरू होत नाही. सुरू होतो मुलींपासून, आणि काळजी करणारे त्यात सासरचेही असतात.

एकोणिसाव्या शतकात ब्राह्मणांत आणि इतर अनेक जातींत आठव्या-दहाव्या वर्षी मुलीचं लग्न उरकलेलं असे. तरी संसार सुरू व्हायचा तो न्हाण, म्हणजे पहिली पाळी, आल्यावर. तोवर मुलगी सणावारी सासरी जायची, पुन्हा माहेरी यायची. ‘पदर आला का?’ हा प्रश्न दोन्ही घरांतल्या बायका एकमेकींना विचारत आणि त्याच्या उत्तरावर दोन कुटुंबांचे बेत ठरत. न्हाण आलं की निरोप जायचे, मुलीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे, गोडधोड व्हायचं. भटजी पंचांग उघडून तिथी-नक्षत्र पाहत. योग वाईट निघाला तर शांत करावी लागे. घरातल्या पोरीच्या शरीरात घडलेली एक गोष्ट अशी आळीभर होई. साहजिकच, जिचं न्हाण लांबलं तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जाई. आज आपण ज्याला उशीर म्हणतो त्याची भीती मराठी घरांत आधी या रूपात होती.

सगळ्यांनाच घाई होती असं मात्र नाही. १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. पुढे काही महिन्यांत त्या वयात आल्या. रूढीप्रमाणे लगेच गर्भाधान, म्हणजे नवऱ्याशी सहवास सुरू करण्याचा विधी, व्हायला हवं होतं. पण त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित डॉक्टर, त्यांनी ते होऊ दिलं नाही. शरीर वयात आलं म्हणजे मुलगी मोठी झाली, हे समीकरण त्या घराने मानलं नाही. १८८४ साली दादाजींनी कोर्टात धाव घेतली, खटला चार वर्षं गाजला, १८८८ मध्ये तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या. खटल्याच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एका बापाने वैद्यकीय कारणासाठी ‘अजून थांबा’ म्हटलं, ही त्यातली साधी गोष्ट मात्र बहुतेक वेळा कडेला पडते.

त्याच काळात आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी लग्न होऊन चौदाव्या वर्षी आई झाल्या होत्या. मूल काही दिवसांतच गेलं.

जानेवारी १८९१ मध्ये संमतिवयाचं विधेयक आलं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढाच बदल. त्यावरून पुण्या-मुंबईत जो गदारोळ झाला तो मराठी वाचकाला नवा नाही: टिळक विरोधात, तेलंग बाजूने, आणि डॉ. रा. गो. भांडारकर धर्मशास्त्रातले आधार काढून गर्भाधान पुढे ढकलता येतं हे दाखवायला बसलेले. विरोधकांचा मुद्दा असा, की बाराच्या आत न्हाण आलं तर शास्त्राने सांगितलेला मुहूर्त हुकेल. कायदा १९ मार्च १८९१ ला मंजूर झाला. आज ते वाद वाचताना एक गोष्ट खटकते. शरीराचं घड्याळ जणू कोणीतरी कायमचं लावून ठेवलं आहे असं दोन्ही बाजूंचे पुष्कळ लोक गृहीत धरून चालले होते. हवा गरम, म्हणून हिंदुस्थानातल्या मुली लवकर वयात येतात, हे तर त्या काळात सर्रास बोललं जाई. प्रत्यक्षात ते घड्याळ हवेपेक्षा ताटाकडे बघून चालतं. नॉर्वेसारख्या थंड देशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुलींची पहिली पाळी सरासरी सोळा-सतराच्या सुमारास येई. शंभर-सव्वाशे वर्षांत ती तेराच्या आसपास आली. हवा तीच होती. अन्न, पाणी आणि रोगराई बदलली होती.

मुलग्यांचा उशीर कोणाला टोचत होता? जिथे पोराच्या वयावर पैसा अवलंबून होता, तिथे.

मुंबईच्या गिरण्यांत ‘अर्ध्या वेळेची’ पोरं कामाला असत. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांच्या खटपटीनंतर आलेल्या १८९१ च्या कायद्याने ती मर्यादा नऊवर नेली, आणि चौदापर्यंत मुलाला मूल मानून कामाचे तास कमी ठेवले. पण मुलाचं वय सांगणार कोण? ज्यांच्या जन्माची नोंद कुठे कागदावर नाही अशी पोरं सर्टिफाइंग सर्जनपुढे उभी राहत आणि तो शरीराकडे पाहून वय ठरवी. ही पद्धत इंग्लंडातून आली. तिथे १८३३ च्या कारखाना कायद्यानंतर आधी उंचीवरून वय ठरवण्याचा घाट घातला गेला. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने, उंचीपेक्षा दात बरे, असं हजारभर मुलांचे दात तपासून दाखवलं. खुरटलेल्या पोराचं वय उंचीवरून कमी ठरतं, तर दात फारसे मागे राहत नाहीत, हे त्याचं निरीक्षण आजही खरं आहे. थोडक्यात, एकाच मुलाच्या शरीरात दोन-तीन घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवत असतात, हे शास्त्राला कळलं ते कारखान्याच्या दारात.

उलट काही घरांत हा उशीर लाभाचाही होता. युरोपातल्या चर्चमध्ये वरच्या पट्टीत गाणारी मुलं लागत, आणि पोराचा आवाज फुटला की जागा गेली. पुढे संगीतकार झालेला जोसेफ हायडन व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन्स कॅथेड्रलमध्ये गात होता. आवाज बिघडू लागला तशी राणी मारिया थेरेसाने, हा आता गात नाही, कोकलतो, अशी तक्रार केल्याचं त्याचे चरित्रकार सांगतात. १७४९ च्या सुमारास, सतराव्या वर्षी त्याला बाहेरची वाट दाखवली गेली. पुढच्या मुलाची शेंडी कापण्याचा उद्योग त्याने केला होता, तेवढं निमित्त पुरलं. सतरा! आज मुलांचा आवाज तेरा-चौदाच्या सुमारास फुटतो. हायडन अपवाद होता असंही नाही. लाइपझिगमध्ये संगीतकार बाख ज्या मुलांकडून गाऊन घेई, त्यांच्या नोंदी १९७० साली एस. एफ. डॉ नावाच्या संशोधकाने तपासल्या. कोणता मुलगा कोणत्या वर्षी वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत गेला, एवढ्यावरून त्याने हिशेब मांडला. आवाज फुटण्याचं वय सोळा-सतराच्या घरात निघालं, आणि १७४० च्या दशकात युद्धामुळे शहराची ओढाताण झाली तेव्हा ते आणखी पुढे सरकलं. चर्चच्या वहीत उपासमारीची नोंद नव्हती. ती पोरांच्या गळ्यात झाली होती.

मुलाची उंची पद्धतशीर मोजून लिहून ठेवणारा पहिला बाप फ्रान्समधला. फिलिबेर गेनो द मोंबेयार हा निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँचा मित्र. ११ एप्रिल १७५९ ला त्याला मुलगा झाला. तेव्हापासून अठरा वर्षं, साधारण दर सहा महिन्यांनी, तो पोराला उभं करून मापत राहिला. ब्यूफाँने ते आकडे १७७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत छापले. मुलगा उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा जास्त वाढतो हे त्यात दिसतं. नाचात रात्र काढून आल्यावर त्याची उंची कमी भरली आणि विश्रांतीनंतर पुन्हा पूर्ववत झाली, हीही नोंद आहे. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबतात आणि झोपेत फुगतात, त्याचा हा परिणाम. गजाला लोंबकळून मिळालेला अर्धा सेंटिमीटर रात्रीच्या जेवणापर्यंत का टिकत नाही, याचं उत्तर यातच आहे.

ते आकडे दीडशे वर्षं तसेच पडून होते. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड स्कॅमन यांनी त्यांचं सेंटिमीटरमध्ये रूपांतर करून आलेख काढला, आणि किशोरवयातली ती प्रसिद्ध उसळी डोळ्यांना दिसली: वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरने चाललेली वाढ एकदम दुप्पट होते आणि मग ओसरते. पण ही उसळी प्रत्येकाची वेगळ्या वर्षी येते. सगळ्या मुलांची सरासरी काढली की ती लवकर वाढणाऱ्यांत आणि उशिरा वाढणाऱ्यांत विरघळून जाते, आणि आलेखावर जो गुळगुळीत रस्ता दिसतो तसा प्रत्यक्षात एकही मुलगा वाढत नाही. हे ठासून सांगितलं ते जेम्स टॅनर यांनी. लंडनजवळच्या हार्पेंडनमधल्या एका बालगृहात १९४८ पासून त्यांनी आणि रेजिनाल्ड व्हाइटहाउस यांनी त्याच त्या मुलांना वर्षानुवर्षं मोजलं. त्यांच्या तक्त्यांत लवकर आणि उशिरा वाढणाऱ्यांना स्वतःची रेषा मिळाली. उशीर हा रोग नसूनही उशीर असू शकतो, हे त्यामुळे कागदावर दाखवता येऊ लागलं.

आता तो हात. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर तिथे हाडंच दिसत नाहीत. सगळी कूर्चा, आणि ती फोटोत उमटत नाही. मग एकेक करून ठिपके दिसू लागतात, ठिपक्यांची हाडं होतात, बोटांच्या हाडांच्या टोकाशी एक काळी फट राहते. वाढ संपते तेव्हा ती फट बुजते. ग्रोइलिश आणि पाइल यांनी १९५० मध्ये अशा फोटोंचा एक अॅटलास छापला. डॉक्टर आलेला फोटो त्यातल्या पानांशी ताडून पाहतात. चौदा वर्षांच्या मुलाचा हात बाराच्या पानाशी जुळला, तर फट अजून उघडी आहे, दोन वर्षं हातात आहेत, असा अर्थ. डावा हात, कारण उजवा कामाचा आणि त्याला मार लागण्याची शक्यता जास्त. गंमत अशी, की अॅटलासमधले हात १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराच्या सुखवस्तू गोऱ्या घरांतले आहेत. सांगलीतल्या मुलाचं हाडांचं वय आजही बरेचदा त्यांच्याशी ताडून ठरतं.

औषधाची गोष्ट याहून कडवट. १९५८ मध्ये बॉस्टनच्या मॉरिस रेबेन यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेलं वाढीचं हार्मोन एका सतरा वर्षांच्या मुलाला दिलं आणि त्याची खुंटलेली वाढ सुरू झाली. पण जनावरांचं हार्मोन माणसाला चालत नाही, म्हणून ते काढावं लागे शवांतून. एकेका मुलासाठी कितीतरी ग्रंथी जमवाव्या लागत. १९८५ मध्ये, लहानपणी हे इंजेक्शन घेतलेली काही तरुण मंडळी क्रॉइट्झफेल्ड-याकोब नावाच्या मेंदूच्या असाध्य रोगाने दगावल्याचं लक्षात आलं आणि अमेरिकेत त्याचं वाटप थांबलं. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या हार्मोनला मंजुरी मिळाली. आता तुटवडा संपला. तशी नवी पंचाईत सुरू झाली: हार्मोनची कमतरता नसलेल्या, नुसत्याच बुटक्या मुलांसाठीही आईवडील इंजेक्शन मागू लागले.

भारतात त्याआधी एक साधा प्रश्न सुटायचा होता: मूल बुटकं, म्हणजे कोणाच्या मानाने? परदेशी तक्त्यावर आपली बरीच धडधाकट पोरं खालच्या रेषेशी घुटमळत. जुने देशी आकडे कमी खाऊन वाढलेल्या पिढीचे होते. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर, डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या शाळकरी मुलांची मापं घेतली, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांसाठी जे नवे तक्ते स्वीकारले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. तेव्हा अडचण उलटी आली. खात्यापित्या घरांतली इतकी मुलं लठ्ठ निघाली, की त्यांना धरून सरासरी काढली असती तर लठ्ठपणाच नियम ठरला असता. वजनाच्या हिशेबात त्यांना बाजूला ठेवावं लागलं.

आजच्या दवाखान्यात डॉक्टर मुलाच्या आईला तिची पाळी कोणत्या इयत्तेत आली हे विचारतात, आणि ती चटकन सांगते. वडिलांना, तुम्ही कधी वाढलात, हे विचारलं तर ते अडखळतात. मग कोणीतरी आठवण काढतं, की दहावीच्या फोटोत हे पहिल्या रांगेत बसलेत आणि बारावीला दारात वाकून यायला लागले. उशीर बरेचदा घराण्यातून येतो, आणि इतक्या चौकशीनंतर पुष्कळ मुलांना मिळतं ते सहा महिन्यांनी पुन्हा माप घेण्याचं तारखेचं कार्ड. चौदा उलटूनही मुलाच्या शरीरात काहीच सुरुवात नसेल, किंवा तेरा उलटूनही मुलीच्या, तर मात्र तपासण्या होतात.

रांगेत मात्र अदलाबदल झाली आहे. उशिराची तक्रार घेऊन आता जास्त येतात ते मुलग्यांचे आईवडील. मुलींना आणलं जातं ते लवकर वयात येत्येय म्हणून. तिसरीतल्या मुलीची आई, सहामाही परीक्षेआधी पाळी आली तर शाळेत कसं होईल, या धास्तीने ‘पुढे ढकलायचं इंजेक्शन’ मागते. १९८० च्या दशकापासून असं औषध वापरात आहे. डॉक्टर ते देतात ते मुख्यतः आठव्या वर्षाच्या आत सुरुवात झाली असेल तर, आणि बाकीच्यांना परत पाठवतात.