फराहबागेचा गारवा

अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, वैशाख ज्यानें सोसला आहे त्यास फराहबागेचें मर्म वेगळें सांगावें लागत नाहीं. शहराच्या आग्नेयेस, तलावाच्या मधोमध, मुर्तजा निजामशहासाठीं (१५६५–१५८८) हा अष्टकोनी महाल उभारला गेला. पहिली इमारत शहास रुचली नाहीं; ती पाडून सलाबतखानाच्या कारभारांत नवी बांधण्यांत आली व १५८३ सालीं पूर्ण झाली. जाड भिंती उन्हाचा ताप दिवसभर थोपवीत, तापलेली हवा उंच घुमटाकडे चढे, आणि तलावाचें पाणी वाफ होतांना भोवतालच्या हवेंतील उष्णता घेऊन जाई. उष्णता नष्ट करतां येत नाहीं. तिला दुसरीकडे नेऊन सोडावी लागते. पाणी हें तिचें जुनें वाहन होय.

तेंच वाहन मनुष्यानें अंतराळांतहि नेलें. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकांत माणसांची व यंत्रांची उष्णता नळ्यांतून फिरणारें पाणी उचलतें. परंतु बाहेर ती वाहून नेण्यास हवा नाहीं. रुंद पत्र्यांवरून किरणरूपानेंच तिची बोळवण करावी लागते. तेथें पाणी नेल्यास सावलींत तें गोठेल, आणि गोठतांना फुगून नळ्या फोडील. म्हणून बाहेर अमोनिया खेळवितात. तो शून्याखालीं सुमारें ७८ अंश सेंटिग्रेडपर्यंत गोठत नाहीं. दोहोंमध्यें धातूचा पातळ पडदा असतो. त्यांतून उष्णता पलीकडे जाते. ११ डिसेंबर २०१३ रोजीं एक झडप बिघडली व अमोनिया फाजील थंड झाला. पडद्याजवळचें पाणी गोठून तो फुटला असता, तर विषारी अमोनिया माणसांच्या श्वासांत शिरला असता. तो प्रवाह लागलीच तोडण्यांत आला. २१ व २४ डिसेंबरला मास्ट्राकियो व हॉपकिन्स या दोघांनीं बाहेर पडून पंप बदलला. फाजील थंडीहि घातकच!

मुर्तजाच्या चरित्रांतहि हें दिसतें. तो वर्षानुवर्षें एकांतांत राहिला, राज्य कारभाऱ्यांवर सोडलें, आणि मन संशयानें पोखरलें. पुत्र मीरान हुसेन याच्या बिछान्यास त्यानें आग लावविली, पुत्र वांचला. १५८८ सालीं त्याच पुत्रानें बापास हमामखान्यांत कोंडलें, दारेंखिडक्या बंद केल्या व खालीं जाळ पेटविला. त्या वेळीं नगरांतच असलेल्या फिरिश्ता या इतिहासकारानें ही हकीकत नमूद केली आहे. ज्याच्यासाठीं भर तलावांत गारवा बांधला गेला, त्याच्या अखेरच्या खोलींतून उष्णतेस बाहेर जाण्यास वाटच ठेवली नव्हती.