आजोबांचा गाव कंचा?

पुतणीच्या जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांपर्यंतचा पुरावा हवा होता, म्हणून आमच्या घराण्याची वंशावळ लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शंभर पानी वही आणली. पहिल्याच पानावर ठोकून दिलं : आजोबा, जन्म १ जून १९१५, गाव आमचंच. तारीख शाळेच्या दाखल्यावरची. पण गुरुजी पोरगं शाळेत घेताना हात डोक्यावरनं कानाला लावायला सांगायचे आणि जून महिना लिहून मोकळे व्हायचे. आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्मलेली आहेत!

आधी वाटलं, जनगणनेत सापडेल. जुनी माणसं तिला खानेसुमारी म्हणत. आपल्याकडं पहिली झाली १८७२ साली, आणि १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी. १९३१ पर्यंत सगळी मोजणी एकाच रात्रीची असायची. त्या रात्री जो जिथं मुक्कामाला, तो तिथला. म्हणजे मुंबईत गिरणीत असलेले चुलतआजोबा मुंबईचे, आणि त्यांची बायकापोरं माणातली. एकाच चुलीची माणसं दोन जिल्ह्यांत मोजलेली. पण हे सगळं मनातच ठेवायचं. घरोघरचे कागद कुणाला बघायला मिळत नाहीत, १९४८ च्या कायद्यानं ते गुप्त आहेत. विलायतेत शंभर वर्षांनी ते खुले करतात. आपल्या हाती राहतात ते आकडे. १९११ पेक्षा १९२१ ला देशाची लोकसंख्या कमी भरली, कारण मधे १९१८ ची मानमोडी येऊन गेली. किती गेले ते कळतं, आपल्यातलं कोण गेलं ते त्यात नाही.

मग उरलं कोतवाल बुक. गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूची नोंद. कोतवाल खबर आणायचा आणि ती मोडीत लिहिली जायची. तालुक्याला खेटे घातले, मोडी वाचणारा गाठला, आमच्या गावची १९१२ ते १९१८ ची पानं उलटली. आजोबांचे दोन्ही धाकटे भाऊ निघाले. आजोबा नाहीत. पानं वाळवीनं खाल्ली म्हणून मी दोन वर्षं गप्प बसलो.

एकदा आत्याकडं सहज विषय काढला. आत्या नव्वदीची, शाळेचं तोंड न बघितलेली. ती म्हणाली, "आरं येड्या, पयलं बाळातपण सासरी करत्यात व्हय? तुज्या पणजीचं म्हायार खटावात. तिकडं बघ की."

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. खटावातल्या त्या गावचं बुक काढलं. आजोबा होते. १९१५, पण महिना भाद्रपदाच्या सुमाराचा. वाचणारा मात्र थांबेना. मागचं पान उलटून म्हणाला, "ह्याच आईबापाची अजून एक नोंद हाये." १९१३. मुलगी. नावाचा रकाना कोरा. आणि मृत्यूच्या नोंदीत बारा दिवसांची, कारण ताप.

आजोबा तीन भावांत सगळ्यांत मोठे. तरी पणजी त्यांना मरेपर्यंत 'धाकलू' म्हणायची. आम्ही हसायचो. थोरल्याला कुणी धाकलू म्हणतं का?

तेव्हापासून वहीची पद्धत बदलली. माणसाच्या नावापुढं नुसतं गाव लिहीत नाही. कुठल्या साली, कुठं, कुणाच्या घरी, आणि हे कशावरनं, असं चारही लिहितो. बायकांचं माहेर आधी विचारतो. सातबारावर त्या नसायच्याच, नवरा मेला की वारस म्हणून एकदम उगवायच्या. प्लेगात माळावर झोपड्या टाकून राहिलेली वर्षंही लिहितो, त्याला म्हाताऱ्यांच्या सांगण्याशिवाय पुरावा नाही, म्हणून 'ऐकीव' असा शेरा मारतो. एकच माणूस दोन ठिकाणी दिसला तर दोन्ही ठेवतो, खोडत नाही.

ती नोंद आत्याला वाचून दाखवली. ती बराच वेळ डोळ्याला पदर लावून बसली. मग म्हणाली, "नाव काय लिवलंस तिचं?"

म्हटलं, "बुकातच न्हाई, आत्या. बाराव्या दिवशीच गेली."

"मग मोकळी जागा सोड. पर धाकलूच्या वर लिव."

तसं लिहिलंय. मुंबईतल्या चुलतआजोबांचं बिऱ्हाड अजून शोधायचंय. खानावळीचं एक जुनं कार्ड सापडलंय, त्यावर लालबाग एवढंच वाचता येतं.