जपानी वीरांचीं सांधेदार खेळणीं

बाहुलीचे गुडघे वांकूं लागले, मनगट फिरूं लागलें, म्हणजे तिच्याकडून निराळीच अपेक्षा केली जाते. तिनें नुसतें उभें राहून भागत नाहीं. कांहीं तरी करीत असल्यासारखें दिसावें लागतें. जपानांत ही अपेक्षा बळावली ती एका अपघातामुळें.

३ एप्रिल १९७१ रोजीं ‘कामेन रायडर’, म्हणजे मुखवटाधारी स्वार, ही मालिका तेथील दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिचा जनक चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी. नायक फटफटीवरून भरधाव निघे, कमरपट्ट्यांतील चक्रावर वारा आदळे आणि त्याचें रूप पालटे. परंतु चित्रीकरण चालू असतांनाच नायकाचें काम करणारा हिरोशी फुजिओका फटफटीवरून पडला व त्याचा पाय मोडला. मालिका थांबविणें तर शक्य नव्हतें. तेव्हां ताकेशी सासाकी या नटास दुसरा स्वार म्हणून उभें केलें. त्याजपाशीं फटफटी चालविण्याचा परवानाच नव्हता! मग वाऱ्याची वाट न पाहतां, हात विशिष्ट रीतीनें फिरवून ‘हेनशिन’, म्हणजे रूपांतर, असा पुकारा करण्याची युक्ति निघाली. मुलांनीं ती तत्काळ उचलली.

बाजारांत त्या वेळीं मिळत त्या मऊ व्हिनिलच्या पोकळ बाहुल्या. १९६६ सालच्या ‘अल्ट्रामॅन’ मालिकेंतील राक्षसांच्या अशा बाहुल्यांना मोठी मागणी असे. राक्षसाला तें रूप शोभे, वीराला शोभेना. खांदा फिरे, पण कोंपर वांकत नसे. मग हेनशिनचा हातवारा व्हावा कसा?

सांगाडा आला तो अमेरिकेंतून. हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ मध्यें ‘जी. आय. जो’ नांवाचा बारा इंची, सांध्यासांध्यांत हलणारा शिपाई काढला होता. मुलगे बाहुली घ्यावयाचे नाहींत, या भीतीनें त्यास ‘ॲक्शन फिगर’ असें मर्दानी नांव देण्यांत आलें. वस्तु मात्र बाहुलीच. ताकारा या जपानी कंपनीनें त्या धर्तीचा देह पारदर्शक केला, आंत रुपेरी यंत्रें दाखविलीं आणि १९७२ त ‘हेनशिन सायबॉर्ग’ म्हणून विकावयास ठेविला. त्यावर कामेन रायडरचा अगर अल्ट्रामॅनचा पोषाख चढवितां येई. रूपांतर आतां मुलाच्या हातीं आलें.

संग्रहाचें वेड त्याच सुमारास जडलें. १९७१ त कॅल्बी कंपनीनें स्वाराच्या नांवाचा खाऊ काढून पुड्याबरोबर त्याचें चित्र दिलें. कित्येक मुलें चित्र ठेवून खाऊ फेंकून देऊं लागलीं. अन्नाची ही नासाडी पाहून पालक व शिक्षक चिडले, आणि तें योग्यच होतें.

पुढें तीं मुलें मोठीं झालीं. बान्दाई कंपनीनें २००८ सालीं ‘एस. एच. फिगुआर्ट्स’ ही माला काढली, तिच्या पेटीवर पंधरा वर्षांवरील वयाची अट छापलेली असते. वीर अवघा वीतभर. पण घोटा, कंबर, मनगट सारें हलतें, आणि मूठ, पसरलेला तळवा असे बदलावयाचे निरनिराळे पंजे सोबत येतात. सासाकीचा तो हातवारा आतां बोटापर्यंत साधतो.

तरीही अनेक संग्राहक पेटी फोडीतच नाहींत. टोकियोंतील नाकानो ब्रॉडवे या इमारतींत ‘मांदाराके’ हें दुकान १९८० त जुन्या चित्रकथांसाठीं निघालें. तेथें आज जुनीं खेळणींही विकलीं जातात, आणि न उघडलेल्या पेटीस किंमत अधिक येते. हालचालीसाठीं घडविलेले सांधे तिच्यांत एकदांही वांकलेले नसतात. शिवाय, मऊ प्लॅस्टिकमध्यें मिसळलेलें द्रव्य कालांतरानें बाहेर पाझरून अंग चिकट होतें. पेटी न उघडणाऱ्यास तें कळावयास वर्षें लागतात.