पाळ कुणी बांधली?

तिरोड्याजवळच्या बोदलकसा तळ्याचं मातीचं धरण १९१७ सालचं, इंग्रजी अमलातलं. साल कागदावर आहे. पाळीवर माती टाकणाऱ्यांची नावं कुठंयत? पाटाचं पाणी गेलं धानाच्या बांध्यांत. ज्याची बांधी त्याचं पाणी. भूमिहीनाच्या हाती रोवणीची मजुरी, ढिवराच्या हाती जाळं.

दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. १९५१ ला मालगुजारी गेली. १९५४ ला बाबासाहेब भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले, अन् पडले. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होता.

ओंजळीचा हक्क महाडनं मागितला. पाटाच्या पाण्याचा हक्क अजून सातबाऱ्यावर अडलाय.

बोदलकसाला जाल तेव्हा पाखरं बघाच. पण पाळीखालच्या घरांत विचारा, आज्या-पणज्यांनी काय सांगितलं? लिहून आणा. तोच आपला इतिहास.