दवाखान्यातली नोंद दुसऱ्यांदा कामाला येते तेव्हा

मध्यंतरी आमच्या गटातल्या बायकांसाठी आरोग्य शिबिर झालं. साखर तपासली, रक्तदाब पाहिला, आभा कार्ड काढून दिलं. निघताना शिबिरवाल्यांनी प्रत्येकीच्या जुन्या रिपोर्टांचे मोबाईलवर फोटो काढून घेतले. एका मावशींनी विचारलं, "हे कशाला?" उत्तर आलं, "वर पाठवायचे असतात." वर म्हणजे कुठं, ते कोणी सांगितलं नाही. आम्हालाही तिथं सुचलं नाही, याची खंत राहिली. म्हणून दवाखान्यातल्या नोंदींचं पुढं काय काय होतं, ते शोधून वाचलं. त्यातलंच थोडं आज सांगतो.

आपलं हजेरी रजिस्टर आठवा. आपण ते लिहितो गैरहजर बाईचा दंड धरण्यासाठी. पण कर्ज देताना बँकेचे साहेब तेच उलटून पाहतात. एका कामासाठी लिहिलेलं दुसऱ्या कामाला येतं. दवाखान्यातल्या नोंदींचंही तसंच.

याचं एक उत्तम उदाहरण स्वीडन देशातलं. तिथं १९४७ पासून प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळतो, जन्मापासून मरणापर्यंत तोच. हृदयाच्या रुग्णांची देशभराची एक संगणकीय नोंदवही आहे, तिचं नाव स्वीडहार्ट. हार्ट अटॅक आला की डॉक्टर बंद झालेली रक्तवाहिनी फुग्यानं उघडतात. त्याआधी बारीक नळीनं गुठळी ओढून काढली तर जास्त जीव वाचतात, असं बऱ्याच डॉक्टरांना वाटत होतं. खरं-खोटं कळायला निम्म्या रुग्णांवर ते करायचं, निम्म्यांवर नाही, आणि कोणावर करायचं ते भिशीसारखी चिठ्ठी टाकून ठरवायचं. नाहीतर डॉक्टर नकळत धडधाकट रुग्णच निवडतात. एरवी अशा चाचणीला वेगळी माणसं, वेगळे फॉर्म, वर्षानुवर्षं घरोघर चौकशी लागते. पैसा पाण्यासारखा जातो.

स्वीडनच्या डॉक्टरांनी चिठ्ठी त्या नोंदवहीतच ठेवली. रुग्णाची माहिती रोजच्यासारखी भरायची, त्याला विचारायचं, हो म्हणाला की संगणक चिठ्ठी काढणार. त्या घाईत संमती तोंडी, आणि मग २४ तासांत लेखी. ७,२४४ रुग्ण झाले. महिन्यानं कोण जिवंत आहे हे लोकसंख्येच्या नोंदीवरून कळलं, एकही रुग्ण हिशेबातून निसटला नाही. २०१३ मध्ये निकाल आला. गुठळी ओढलेल्यांत शंभरात २.८ दगावले, न ओढलेल्यांत ३.०. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. खर्च सुमारे तीन लाख डॉलर, अशा चाचण्यांच्या मानानं चिल्लर. आम्हाला यातलं आवडलं ते हे की मोठमोठ्या डॉक्टरांचा समज साध्या नोंदींनी खोडून काढला.

मग कोरोना आला. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत 'रिकव्हरी' नावाची चाचणी सुरू झाली. नर्सेसना श्वास घ्यायला सवड नव्हती, म्हणून फॉर्म अगदी छोटा ठेवला. बाकीची माहिती आरोग्यसेवेच्या संगणकातून जोडून घेतली. १६ जूनला निकाल जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू शंभरात ४१ वरून २९ वर आले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. २७ जूनला आपल्या केंद्र सरकारनंही उपचारांच्या यादीत हे औषध घातलं. आपल्याकडच्या कोविड सेंटरमध्ये ज्यांना ते मिळालं, त्यामागे कुठल्या कुठल्या अनोळखी रुग्णांच्या नोंदी होत्या.

पण याच ब्रिटनमध्ये आधी एक फजितीही झाली होती. गावोगावच्या डॉक्टरांकडच्या नोंदी एका ठिकाणी आणण्याची 'केअर डॉट डेटा' योजना सरकारनं काढली. घरोघरी पत्रकं टाकली. जाहिरातींच्या कागदांबरोबर ती टाकली गेल्यानं कित्येकांनी वाचलीच नाहीत. माहिती कंपन्यांच्या हाती जाईल का, याचं सरळ उत्तर लोकांना मिळेना. दहा लाखांहून जास्त लोकांनी आमची नोंद नको म्हणून कळवलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये काम थांबवलं, जुलै २०१६ मध्ये योजनाच बंद केली. नोंदी त्याच देशातल्या. रिकव्हरीत मात्र रुग्णाला, तो शुद्धीवर नसेल तर त्याच्या बाजूनं बोलणाऱ्याला, आधी विचारलं होतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला टोचली. नोंद त्याचीच होते जो दवाखान्यात जातो. आपल्याकडे बाई कंबर धरून शेतात निंदत राहते, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर जमलं तर जाते. तिची नोंदच नसेल तर अशा हिशेबातही ती नसणार.

आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं ते सप्टेंबर २०२१ मध्ये. आभा क्रमांक १४ आकडी असतो. तो काढणं ऐच्छिक आहे, आणि त्यावरची माहिती दुसऱ्याला द्यायची तर आपली संमती लागते. शिबिरात हे कोणी सांगितलं असतं तर मावशींना पुन्हा पुन्हा विचारावं लागलं नसतं.

मागच्या बैठकीत आम्ही इतिवृत्तात लिहून ठेवलं. पुढच्या शिबिराला आधी विचारायचं, रिपोर्ट कोणाकडे जाणार, कशासाठी, आणि नाही म्हटलं तर तपासणी थांबणार का. विचारायला मावशींनाच पुढं बसवायचं ठरलंय. त्यांनी चष्मा नवीन करून घेतलाय.