म्हातारचळ ते सपोर्ट ग्रुप

या वीकएंडला जरा वेगळा इतिहास. राजे नाहीत, लढाया नाहीत. (आहेत, पण घरातल्या.)

१९०१ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमरने तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरं टिपून ठेवली, १९०६ मध्ये ती गेल्यावर मेंदू तपासला आणि पुढे रोगाला त्याचंच नाव मिळालं. तिचा नवरा रेल्वेत कारकून. त्याने ते दिवस कसे काढले, याची कुणाला फारशी पडली नव्हती. पुढची सत्तर वर्षं थोडंफार हेच.

याचं कारण भन्नाट आहे. अल्झायमर हा पासष्टीच्या आतला, दुर्मिळ रोग समजला जायचा. त्यापुढे विसर पडायला लागला की ते म्हातारपणच! आपल्याकडे शब्दही तयार: म्हातारचळ. आता म्हातारपणासाठी सपोर्ट ग्रुप कोण काढणार? १९७६ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून लिहिलं, की दोन्ही एकच रोग आहे. दुर्मिळ रोग एकदम घरोघरचा झाला. मग संघटना निघाल्या: कॅनडात १९७८, ब्रिटनमध्ये १९७९, अमेरिकेत १९८०. भारतात १९९२ साली केरळात डॉ. जेकब रॉय यांनी 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली. मुंबईतही तिची शाखा आली. २०२३ च्या एका अभ्यासानुसार देशात साठीपुढचे ८८ लाख लोक डिमेन्शियाग्रस्त आहेत. म्हणजे तेवढी घरं.

आमचं वर्सोव्याचं घर त्यातलंच. आई आजीला सांभाळायची. ग्रुप होता हो, पण मीटिंगला जायचं म्हणजे यारी रोडहून अंधेरी स्टेशन, पुढे लोकल, येऊन-जाऊन चार तास. तोवर आजीपाशी कोण बसणार? मोकळं व्हायला ग्रुप हवा आणि ग्रुपला जायला मोकळं व्हायला हवं. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात.

तो सुटला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. मीटिंगा व्हिडिओ कॉलवर आल्या आणि आई ओट्यावर मोबाईल टेकवून बसायला लागली.

आजी रोज संध्याकाळी "घरी जायचंय" म्हणून दाराशी. आई समजवायची, "आई, हेच आपलं घर." मग रडारड. कॉलवर एक काकू म्हणाल्या, "वाद घालू नका. चपला घालून द्या, जिन्यापर्यंत न्या, परत आणा." बहुतेक वेळा चालायचं हे! आणि मग काकूंनी विचारलं, "तुमचं जेवण झालं का?"

दुपारचे चार वाजले होते. झालं नव्हतं. त्या रविवारपासून दुपारी दोन तास आजीपाशी बाबा बसायला लागले.