शेजाऱ्याच्या भरवशावर

मालक नसलेलं जाळं काही आजचं नाही. १९७९ साली ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी यूझनेट आखलं. एका संगणकाने शेजारच्याला फोन लावायचा, नवे निरोप द्यायचे, त्याने पुढच्याला. बरेचदा रात्री, फोन स्वस्त असताना!

एप्रिल १९९४मध्ये ॲरिझोनातल्या दोन वकिलांनी हजारो चर्चागटांत ग्रीनकार्ड सोडतीची जाहिरात टाकली (ग्रीनकार्ड म्हटलं की आपलेही कान टवकारतात, असो). तीही तितक्याच इमानाने सगळीकडे पोचली... ज्या भरवशामुळे काम झटपट व्हायचं, तोच अंगाशी आला.

२०१६च्या मॅस्टोडॉनमध्ये सर्व्हर चालवणारा नकोशा शेजाऱ्याला दार बंद करू शकतो. २०१९मध्ये गॅब तिथे आलं, तेव्हा अनेकांनी केलंही. पण तुमचा खाजगी निरोपही तो वाचू शकतो बरं का! बहुतेकदा पदरमोड करणारा हौशी माणूसच असतो म्हणा. तरी बँकेचा नंबर मी तिथे लिहिणार नाही.